टेकऑफचा फोटो छापला, पुढचं कोण विचारणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनं लढाऊ जेट दुरुस्त करून पुन्हा उडवलं अशी बातमी अधूनमधून येते आणि ती दरवेळी एकाच साच्यातली असते. चकाचक रंग, हसरे म्हातारे मेकॅनिक, टेकऑफचा फोटो आणि 'इतक्या वर्षांनी पुन्हा आकाशात झेप'. वाचायला छान वाटतं, मलाही वाटतं. पण पहिलं उड्डाण झालं की बातमी संपते आणि खरी भानगड तिथूनच सुरू होते, म्हणून हे पत्र.

ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बरचंच घ्या. एक्सएच५५८ हे विमान १९६० मधे रॉयल एअर फोर्समधे आलं, १९९३ मधे हवाई दलाने विकून टाकलं आणि १८ ऑक्टोबर २००७ ला ते परत उडालं. लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या तिथल्या वारसा निधीने सुमारे २७ लाख पौंड दिले, तेवढ्यात भागलं नाही म्हणून लोकांनी वर्गणी काढली, सगळं जगभर छापून आलं. मग ऑक्टोबर २०१५ मधे ते कायमचं जमिनीवर बसलं ते का? इंजिन फुटलं नव्हतं की पंख मोडला नव्हता. रोल्स-रॉइस, बीएई आणि मार्शल या कंपन्यांनी सांगितलं की यापुढे आम्ही तांत्रिक जबाबदारी घेणार नाही, आणि एवढ्या किचकट विमानाला अशी जबाबदारी घेणारं कोणी मागे उभं असल्याशिवाय तिथे उडायचा परवाना मिळत नाही. विमान धडधाकट, सही करणारा नाही, विषय संपला.

कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे, पण त्यांचंही बरोबर आहे. ते मशीन आतून बाहेरून माहीत असलेले लोक रिटायर होत जातात, विमानाच्या सांगाड्याचे उड्डाणाचे तास खूप झालेले असतात आणि काही झालं तर कोर्टात नाव कंपनीचं येणार.

लोकांना वाटतं इंजिन चालू झालं म्हणजे जिंकलं. अहो, नुसतं उभं राहिल्यानेच विमान जास्त खराब होतं! सील आणि होसचं रबर कडक होतं, वायरींचं कव्हर तडकतं, मॅग्नेशियमचे पार्ट आतून गंजतात आणि वरून रंग मस्त दिसत असतो. पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथली बारीक चीर डोळ्याला दिसतच नाही, त्यासाठी एक्सरे नाहीतर अल्ट्रासाउंड करावा लागतो, आणि ते सुद्धा एकदा करून सोडून द्यायचं नसतं, ठरलेल्या तासांनी परत परत करायचं असतं. संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधे स्फोटक काडतुसं असतात, औषधासारखी त्यांनाही एक्सपायरी असते, आणि ती सीट बनवणं बंद झालेलं असेल तर नवी काडतुसं आणायची कुठून? व्हल्कनमधे तर पाच जणांच्या क्रूमधे इजेक्शन सीट फक्त दोन पायलटांना, मागच्यांनी दारातून उडी मारायची!

आणि माणसं कितीही जाणकार असली तरी एखादी पुडी राहून जाते. हे मी उगाच म्हणत नाही, २०१२ मधे याच व्हल्कनच्या हवा ओढायच्या तोंडात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या राहिल्या, एका इंजिनने त्या गिळल्या आणि त्या इंजिनाच्या तुकड्यांनी शेजारचं इंजिनही गेलं. असल्या पिशव्यांपायी दोन इंजिनं, आणि ती इंजिनं आता कोणी बनवत नाही.

मग काही जण म्हणतात उडवू नका, रनवेवर नुसतं पळवा. मला ते पटतं, पण त्यातही गंमत आहे. २००९ मधे ब्रिटनमधल्याच ब्रंटिंगथॉर्पला एक व्हिक्टर बॉम्बर असंच पळवताना चुकून हवेत गेलं, नशिबाने सुखरूप खाली आलं.

ब्रिटनमधल्याच शोरहॅमला मात्र नशीब नव्हतं. २२ ऑगस्ट २०१५ ला एअर शोमधे हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं आणि ११ जण गेले, ते सगळे खाली रस्त्यावर होते. चौकशीत निघालं की कसरत सुरू करतानाच वेग आणि उंची कमी पडली. त्याच विमानाच्या सीटच्या काडतुसांची मुदत उलटून गेल्याचंही उघड झालं, अपघात त्याने झाला नाही हे खरं, पण कागदावर विमान उडायला तयार होतं हे लक्षात घ्या.

मी या छंदाच्या विरोधात अजिबात नाही. नॉर्वेत स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून २०१६ मधे जुनं स्टारफायटर जेट उडवलं, स्वीडनमधे व्हिगन हे जुनं जेट उडतं केलं, हे वाचून अंगावर काटा येतो. जर्मनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट मी-२६२ जेटच्या नव्या प्रती बनवणाऱ्यांनी तर जुन्या इंजिनाचा हट्टच सोडला, कारण मूळ युमो इंजिन २५ तास सुद्धा धड टिकायचं नाही, त्यांनी सरळ आधुनिक जनरल इलेक्ट्रिकचं इंजिन बसवलं. काही शौकीन यावर नाक मुरडतात, मला मात्र तो शहाणपणा वाटतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी आली की फोटो जरूर छापा, पण सोबत तीन ओळी टाका. सांगाड्याचे किती तास उरलेत, सुटं इंजिन आहे का, आणि उड्डाणयोग्य म्हणून सही कोण करतंय. वर्गणी मागणाऱ्यांनाही वाचकांनी आधी हेच विचारावं, त्यांच्याकडे उत्तर तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

आपला,
एक नियमित वाचक