आई-बाबा, दोन वर्षं द्या मला

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

पोळ्याला आले होते तेव्हाच हे सांगायचं होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि बाबा बैलांच्या शिंगांना बेगड लावण्यात गुंतलेले. फोनवर तर जमतच नाही. बाबा, तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देता; आणि आई, तुझा आवाज भरून आला की मला पुढे बोलवत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. सावकाश वाचा. बाबा, चष्मा लावून वाचा.

मी हॉस्पिटलची नोकरी सोडते आहे, या महिन्याअखेर. नागपूरलाच पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला माझा नंबर लागला आहे आणि फी भरून झाली आहे. दोन वर्षांचा कोर्स आहे, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मिळेल. आधी विचारलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. पण बाबा, तुम्ही दुसऱ्याच दिवशी बोडीखालची धानाची बांधी गहाण टाकायला निघाला असता. ते मला व्हायला नको होतं. त्या बांधीवर माझा जीएनएमचा, नर्सिंगचा डिप्लोमा झाला, तेवढं पुष्कळ झालं.

तुम्ही म्हणाल, चांगली नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, मग काहून सोडतेस? पगाराबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठ्या बाबांना झटका आला त्या रात्रीनंतर माझ्या मनात एकच गोष्ट बसली आहे. तोंड वाकडं झालं होतं, हात उचलत नव्हता, आणि सगळे म्हणाले, सकाळी नेऊ. मेंदूत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. दोष कुणाचाच नाही. पण हे माहीत असलेलं एक माणूस गावाजवळ राहत असतं तर? मला ते माणूस व्हायचं आहे.

उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्या जागेसाठी नुसत्या जीएनएमवर विसंबण्यापेक्षा पदवी हातात असलेली बरी. एक उपकेंद्र म्हणजे साधारण पाच हजार लोकवस्ती, आदिवासी भागात तीन हजार. बीपी, शुगर, गरोदर बाया, लेकरांचे डोस, सगळं तिथंच. सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्याकडे किती घरांत आहे हे तुम्हाला मी काय सांगू! 2023 पासून त्याच्या तपासणीची देशभर मोहीम सुरू आहे, पण तपासणी होऊन गेल्यावर लेकरू गोळ्या घेतं की नाही हे दारात जाऊन विचारणारं कुणीतरी लागतंच. ती नोकरी कंत्राटी आहे, हेही लपवत नाही. म्हणून अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, सरकारी भरती निघाली की तीही परीक्षा देईन. पदवी दोन्हीकडे कामी येते.

हे सगळं मी हवेत ठरवलेलं नाही. बाबा, तुम्ही धानाचं जसं करता तसंच केलं आहे. रोवणा कधी धरायचा ते आधी ठरवून तुम्ही तीन-साडेतीन आठवडे मागे मोजता, आणि त्या हिशेबानं रोपांचे पऱ्हे टाकता. बियाणं आणि रोवणाऱ्या बाया त्याच्याही आधी बोलून ठेवता. मीही शेवटापासून मागे आले. उपकेंद्रात रुजू व्हायचं तर पदवी कधी हातात हवी, त्यासाठी प्रवेश कधी, प्रवेशाच्या आधी पैसा किती. एका वहीत डाव्या पानावर करायच्या गोष्टी लिहिल्या, उजव्या पानावर काय काय आडवं येऊ शकतं ते. तिथं पहिल्याच ओळीत तुमची तब्येत आहे. तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर मी घरी येणार, विषय गेला तरी चालेल, पुढच्या परीक्षेत काढीन. हे आधीच ठरवून टाकलं म्हणून मन जागेवर आहे.

पैशाचंही सांगते, म्हणजे रात्री दोघं कुजबुजत बसणार नाही. पोस्टातली पाच वर्षांची आरडी यंदा पिकली. त्यातून फी आणि होस्टेल निघतं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे, मिळाली तर उत्तम, पण ती मी हिशेबात धरलेलीच नाही. बाबांच्या खात्यावर दर पाच तारखेला पैसे येत राहतील, ते वेगळे काढून ठेवले आहेत. पहिल्यापेक्षा थोडे कमी असतील. गॅस, किराणा, दोघांची औषधं यात ओढाताण होणार नाही एवढं मी दोनदा मांडून पाहिलं आहे. दादाला यात ओढू नका, त्याच्या घरी लेकरांची शाळा आहे.

लग्नाचं माझ्या ध्यानात आहे, आई. नाही म्हणत नाही. मामांनी आणलेलं स्थळ चांगलं असेल तर त्यांना खुशाल सांग, मुलगी शिकते आहे. ज्याला थांबायचं तो थांबेल.

एक गोष्ट मात्र लिहिताना जड जाते आहे. यंदा दिवाळीनंतरच्या आपल्या मंडईच्या जत्रेला बहुतेक येता येणार नाही, कोर्स नुकताच सुरू झालेला असेल. बाबा, तुमच्या खांद्यावर बसून दंडार बघितलेली मला अजून आठवते, आणि नाटक मध्यरात्री रंगात आलं की आईच्या लुगड्यात तोंड खुपसून झोपलेली मीही आठवते. तान्ह्या पोळ्याचा माझा लाकडी बैल आई अजून तांदळाच्या कोठीवर ठेवते, एका चाकाचा. तो टाकू नकोस हं.

आता माझं ऐका. दोघंही.

बाबा, बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. गोळीमुळेच बरं वाटतं आहे. उपकेंद्रात जाऊन महिन्यातून एकदा मोजा, सायकलवरून उतरल्या उतरल्या नाही, पाच मिनिटं बसून मग. 140-90 च्या वर दोनदा आलं तर त्याच दिवशी मला कळवा. मीठ दोघांचंही कमी, माणशी दिवसाला चहाचा एक चमचा, त्यात लोणचं आणि पापडही आले.

आई, निंदायला चिखलात अनवाणी उतरायचं नाही. शुगरवाल्याच्या पायाला काटा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यात बघ, दिसत नसेल तर बाबांना बघायला सांग. उपासाला गोळी तशीच घेऊ नकोस, डॉक्टरांना आधी विचार. घाम सुटून हात थरथरले तर लगेच साखर-पाणी, मग बाकीचं. तीन महिन्यांची शुगरची तपासणी साकोलीला करा. एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, बाबांनाही पासष्टीच्या वर म्हणून अर्धंच. आधार कार्ड खिशात असू द्या. ऑटोला दोनशे रुपये देऊ नका.

आणि कुणाचंही तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर सकाळची वाट बघायची नाही. आधी 108 ला फोन करून अँब्युलन्स, मग मला. हा 108 नंबर वहिनीकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि फोनच्या वरती भिंतीला चिकटवा.

बोडीखालची बांधी पुढच्या वर्षी ठेक्यानं द्या, असं माझं मत आहे. बाबांना पटणार नाही, म्हणून हट्ट करत नाही. निदान धुऱ्यावरच्या तुरीचं काम तरी दुसऱ्याला द्या.

मी होस्टेलला नीट राहीन. जेवण मेसचं आहे, बरं असतं, खोलीत आणखी दोघी आहेत, रात्रपाळी सुटली म्हणून झोपही पुरी होईल. आई, डबे पाठवायच्या खटपटीत पडू नकोस, फक्त जवसाची चटणी दे कुणाच्या हातून. कापणीचा दिवस ठरला की आठवडाभर आधी सांगा, म्हणजे मला सुट्टी मागून ठेवता येईल.

तुमची धाकटी