मला पाडल्याबद्दल आभार

प्रिय राईट बॅक दादा,

नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, शिवाय उद्या ऑफिसात चहाच्या वेळी तुमची चेष्टा होईल. गोव्यात फुटबॉल बघणाऱ्यांना कळायचं ते कळेलच. गेल्या रविवारी म्हापशाला, धुळेरच्या मैदानावर सामना सुरू होतो न होतो तोच तुम्ही मला आडवा केलात आणि गॅलरीतून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्या शिव्या तुम्ही माझ्यापायी खाल्ल्यात, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

डिचोलीच्या पोरानं विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा, व्हायचं म्हणजे आधीच लोकांना नवल. आमच्याकडे पोरगा जत्रेच्या नाटकात उभा राहिला तर कौतुक, फुटबॉल म्हणजे दक्षिणेकडच्या सासष्टीवाल्यांचा प्रांत. पण 2015 मध्ये असोळण्याचा रोमियो फर्नांडिस ब्राझीलच्या अत्लेतिको पारानाएन्से क्लबाकडे गेला आणि गोव्यातल्या प्रत्येक विंगरला आपण थोडे उंच झाल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं. मग गुडघा गेला.

विंगरचं सगळं भांडवल पहिल्या दोन पावलांत असतं. उजवा पाय रोवायचा, खांदा आत झुकवायचा, समोरचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, त्या बाजूला कलला की डावीकडून निघून जायचं. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटलं की नेमकं हे रोवणं जातं. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला साधारण 9 महिने लागतात, कुणाला वर्षही. तेवढ्यात गुडघा भरून येतो. पण पाय रोवायच्या क्षणी डोकं पायाला सांगतं, नको. त्याला कुठल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही.

त्यात सगळे सांभाळून घेणारे! सरावात आमचेच डिफेंडर माझ्याजवळ आले की ब्रेक लावायचे. घे बाबा चेंडू, जा बाबा पुढे. गावात भेटेल तो आधी गुडघ्याकडे बघायचा, मग तोंडाकडे. आणि ‘आता एखादी सरकारी नोकरी बघ’ हे तर फुकटच मिळायचं.

दुखापत झाली तेव्हा ज्या क्लबात होतो, त्यांचंही सांगतो. पहिल्या आठवड्यात ‘आम्ही आहोत ना’ असं म्हणाले. मग फिजिओ बंद झाला, मग पगार, मग मॅनेजरचा फोन लागेना. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट ‘गेट वेल सून’ आलं आणि लगेच मला त्या ग्रुपमधूनच काढलं. गुलाब तरी ठेवायचे होते.

तर रविवारचं. लांब चेंडू डाव्या टचलाईनवर आला, मी तो घेतला आणि समोर तुम्ही. मला वाटलं, हेही ब्रेक लावणार. तुम्ही घसरत आलात. चेंडू आधी, मग मी. माझं सगळं वजन त्याच उजव्या पायावर होतं. त्या कृत्रिम गवतावर असा घसपटलो की कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं आणि त्यात रबराचे काळे दाणे रुतले. रेफ्रीनं फाऊल दिला नाही, थ्रो-इन दिला, आणि तो बरोबर होता. गॅलरीत मात्र आरडाओरडा, ‘अरे, ऑपरेशन झालंय त्याच्या गुडघ्याचं!’ आमचा फिजिओ बॅग घेऊन टचलाईनपर्यंत धावत आलासुद्धा.

तेव्हा तुम्ही त्याच्याकडे न बघता नुसता डावा तळहात वर केलात. थांब. आणि उजवा हात माझ्यापुढे धरून म्हणालात, ‘ऊठ रे, कांय जावंक ना.’

दादा, टॅकल काय, कोणीही करतो. पण तो वर केलेला तळहात! इतके महिने माझ्या गुडघ्याचा निकाल जो तो लावत होता, तुम्ही तो माझ्यावर सोडलात. उठलो. दुखत होतं ते कोपर. गुडघा आपल्या जागी होता. पुढच्याच चेंडूला मी पाय रोवला आणि तुम्हाला बाहेरून काढलं, तेव्हा तुम्ही जी शिवी दिलीत ती मी जपून ठेवली आहे.

2000 साली पाओलो दि कानिओनं समोरचा गोलकीपर जखमी होऊन पडलेला बघून गोल करायचा सोडून चेंडू हातात पकडला होता. त्यासाठी फिफानं त्याला फेअर प्लेचा पुरस्कार दिला, आणि द्यायलाच हवा होता. तसला सभ्यपणा अख्ख्या स्टेडियमला दिसतो. तुमचा फाऊलसारखा दिसला, त्याला कोण पुरस्कार देणार? आणि कीव करणं फार सोपं असतं, त्यात करणाऱ्यालाच जास्त बरं वाटतं. समोरच्याला पुरता खेळाडू समजून त्याच्यावर जोर लावायला माणूस मनानं स्वच्छ लागतो. अशी माणसं आपल्या मैदानांवर अजून आहेत, म्हणून मुलांना मी बिनदिक्कत मैदानावर पाठवा म्हणतो.

सामन्यानंतर रोस ऑम्लेटच्या गाड्यावर तुम्ही म्हणालात, वेग कमी झाला तर लाजू नकोस, मागे ये. आपला मंदार राव देसाई विंगरच होता. एफसी गोवात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं आणि 2020-21 मध्ये तो ज्या मुंबई सिटीत होता, तिनं इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत पहिलं येण्याची शिल्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही उचलले, तेही आपल्या गोव्यातच. पटलं मला. पण मी स्टॅन्ली मॅथ्यूजचं नाव काढलं, 1965 मध्ये वयाची 50 पूर्ण करून इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये विंगवर खेळलेला माणूस. तुम्ही पाव रशात बुडवत म्हणालात, ‘त्याला माझ्यासारखा राईट बॅक भेटला नसेल.’

तेव्हा परतीच्या सामन्यात मी विंगवरच आहे आणि बाहेरूनच जाणार आहे, आधी सांगून ठेवतो. त्या दिवशीचे ऑम्लेटचे पैसे माझे.

तुमचा,
11 नंबर, डिचोली