क्वामबाईंची ओळख 'मंत्रिपत्नी' एवढीच?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेडरिक्के मारी क्वाम यांच्यावरचा लेख वाचला. नॉर्वेतल्या या बाईंवर मराठीत कुणीतरी लिहिलं, याचा आनंद झाला; पण शीर्षकातला 'मंत्रिपत्नी' हा शब्द कालपासून डोक्यातून जात नाही. पती ओले आंतोन क्वाम मंत्री होते आणि त्या ओळखीचा बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठी पुरेपूर उपयोग केला, हे मान्य. पण ते १९०४ मध्येच वारले. नॉर्वेने स्वीडनपासून वेगळं होण्याच्या सार्वमतात बायकांना मत नाकारलं गेलं ते १९०५ साली. तेव्हा क्वामबाईंच्या नेतृत्वाखालच्या मताधिकार संघटनेने देशभरातून अडीच लाखांच्या आसपास बायकांच्या सह्या गोळा केल्या. त्या कुणाच्या पत्नी म्हणून केल्या का?

माझी आई तालुक्याच्या क्षयरोग दवाखान्यात परिचारिका होती. गोळ्या मध्येच सोडणाऱ्या पेशंटच्या घरी ती चालत जायची, घरच्यांना समजावायची, शिव्याही खायची. तिच्या निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका आली तर त्यात 'गुरुजींच्या सौभाग्यवती' एवढंच, हुद्दासुद्धा नाही. वडीलच संतापले. आई काही बोलली नाही, पण कार्यक्रमाला गेली नाही. म्हणून हे शीर्षक मला झोंबलं.

बरं, क्वामबाईंच्या क्षयरोगाच्या कामाला तुमच्या लेखात शेवटच्या दोन ओळी! १८९६ मध्ये त्यांनी उभी केलेली महिलांची आरोग्य संघटना आधी युद्ध झालंच तर जखमींच्या शुश्रूषेची तयारी म्हणून निघाली. युद्ध झालं नाही, तेव्हा तीच शाखांची फळी क्षयाविरुद्ध वळवली. परिचारिका तयार केल्या, रुग्णांसाठी निवास उभारले. १९३३ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. लेखाचा गाभा हा हवा होता.

आणि १९०७ मध्ये नॉर्वेत 'सर्व स्त्रियांना' मताधिकार मिळाला, असं लेखात म्हटलंय, हे चूक आहे. तो उत्पन्नाच्या आणि कराच्या अटीवर होता. सगळ्यांना मिळाला १९१३ मध्ये. कृपया दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. वाचकांच्या पत्रांची जागाही तुम्ही निम्म्यावर आणली आहे, ती पूर्ववत करावी.

आपली,
एक जुनी वाचक