जुन्या फोटोतला तीळ पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्षाच्या आधी आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे जुने फोटो मोठे करून घ्यायला लोक स्टुडिओत येतात. पुष्कळदा हाती पडतो तो मेणासारखा गुळगुळीत चेहरा. सुरकुत्या गेलेल्या, गालावरचा तीळ गायब, नथीचे मोती एकमेकांत विरघळलेले. घरच्यांना ओळख पटते ती नेमकी याच खुणांवरून. म्हणून दुरुस्तीचे काम करणाऱ्यांसाठी आणि ते करून घेणाऱ्यांसाठी हे पत्र.

चूक होते ती अशी. फोटोशॉपमधला ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’सारखा, धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारा फिल्टर सबंध फोटोवर फिरवला जातो. त्याला धुळीचा ठिपका आणि तीळ यांतला फरक कळत नाही. आसपासच्या रंगापेक्षा वेगळे आणि बारीक दिसले की तो पुसतो. मग जिथे जास्त पुसले गेले तिथे इरेजरने फिल्टर लावलेला वरचा थर खोडतात. खोडलेला भाग फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही.

मास्क, म्हणजे थराचा कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे ठरवणारा पडदा, वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. मूळ लेअरची (थराची) प्रत काढावी, फिल्टर फक्त प्रतीवर चालवावा आणि तिला काळा मास्क द्यावा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक केले की काळा मास्क येतो. मोफत मिळणाऱ्या गिम्प या प्रोग्रॅममध्ये मास्क जोडताना ‘ब्लॅक’ निवडावे. काळ्याने प्रत झाकली जाते, पांढऱ्याने दिसते, करड्याने अर्धवट दिसते. आता पांढऱ्या ब्रशने फक्त ओरखड्यांवर रंगवायचे. जास्त झाले तर एक्स दाबून काळा रंग घ्यावा आणि तेवढेच झाकावे. मागच्या पडद्यासाठी ब्रशचा हार्डनेस (कडेचा ठळकपणा) शून्य चालतो, पण पदराच्या काठाशी 70-80 टक्के हवा, नाहीतर काठाभोवती धुरकट पट्टा उमटतो. फ्लो, म्हणजे ब्रशमधून रंग उतरण्याचा वेग, 10 ते 15 टक्के ठेवावा. ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) एका फटकाऱ्याला कमाल मर्यादा घालते, तर फ्लो कमी असला की त्याच फटकाऱ्यात परिणाम हळूहळू साचत जातो. हात बसायला हेच सोयीचे.

चेहऱ्यावर पांढरे डाग पडू लागले तर समजावे की मास्कऐवजी चित्रावर रंगवणे चालले आहे. अनडू करून मास्कच्या छोट्या चौकटीवर क्लिक करावे. शेवटी ऑल्ट दाबून त्याच चौकटीवर क्लिक केले की नुसता मास्क दिसतो. कुठे विनाकारण रंगवले, कुठे ठिपके राहिले, ते तिथे लगेच उघडे पडते.

डोळे, ओठ आणि केसांची कड यांना मात्र फिल्टर लावूच नये. तिथे वेगळ्या रिकाम्या लेअरवर, ‘करंट अँड बिलो’ (हा लेअर आणि त्याखालचे) निवडून, आसपासच्या रंगात मिसळून भरणाऱ्या हिलिंग ब्रशने एकेक रेघ भरावी. रेघ काळ्या केसांतून उजळ कपाळावर येत असेल तर हिलिंग ब्रश काळेपणा कपाळावर ओढतो. त्या जागी दुसरीकडचा भाग जसाच्या तसा उमटवणारा क्लोन स्टॅम्पच हवा.

स्कॅनिंगही इतकेच महत्त्वाचे. पोस्टकार्डाएवढा फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला तर 12 बाय 18 इंचांपर्यंत बरा निघतो. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करावा, कारण रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलांत वेगवेगळा पाहता येतो, आणि पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. निम्मे काम तिथेच होते.

ग्राहकांनी स्टुडिओकडून प्रिंटबरोबर दोन फाइली मागून घ्याव्यात: हात न लावलेला स्कॅन टिफमध्ये, आणि लेअर व मास्क शाबूत असलेली पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिम्पची). जेपेगमध्ये लेअर टिकत नाहीत. आणि ओलीने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्यावा.

आपले,
फोटो दुरुस्तीचे काम करणारे काही जण