ऊर्जामंत्री साहेब, पंखे आम्ही बदलले, तुमचा माणूस कधी येऊन राहिला?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य
(डिसेंबरात मुक्काम नागपूर)

सप्रेम नमस्कार.

साहेब, नागपूरच्या इतवारीत माझी छोटी डेअरी आहे. दूध, दही, पनीर, उन्हाळ्यात लस्सी. दोन डीप फ्रीजर, चार पंखे, आणि माल पोचवायला एक छोटा हत्ती टेम्पो. म्हणजे तुमच्या भाषणात जो "लघु व्यावसायिक" असतो ना, तो मी.

मागच्या डिसेंबरात ऊर्जा संवर्धन सप्ताहात आम्हा दुकानदारांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं. मंचावरच्या साहेबांनी सांगितलं की जुने पंखे काढा, फ्रीजर नीट वापरा, तीन महिन्यांनी आमचा माणूस दुकानात येऊन फुकट ऑडिट करेल, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते तपासेल, आणि ज्याचे युनिट कमी झाले त्याला पंख्यांचा अर्धा खर्च परत मिळेल. टाळ्या झाल्या, पोहे झाले, कापडी पिशवी मिळाली. मी खरंच पंखे बदलले बाप्पा. माणूस काही आला नाही. परवा त्यांच्या ऑफिसात विचारायला गेलो तर टेबलावरचे म्हणतात, "तो कार्यक्रम होता हो, योजना नव्हती." बाहेर ४४ डिग्री, आत एसीवर १८ चा आकडा, दार सताड उघडं आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडम शाल घेऊन बसलेल्या. २०२० पासून स्टारवाला नवीन एसी चालू केला की २४ वरच चालू व्हावा असा नियम केंद्रानं केलाय, तो १८ वर कोणी आणला ते विचारायचं राहून गेलं, कारण मला बाहेर बसायला सांगितलं.

आता माझं ऐका. साधा पंखा ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. चार पंखे, चौदा तास, म्हणजे दिवसाला अडीच युनिट वाचले. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो म्हणतात, लावा हिशोब. फ्रीजरचं तर कोणी बोलतच नाही. दारात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर गेलं समजा, थंडावा रात्रंदिवस बाहेर जाऊन राहिला. माझ्या एका फ्रीजरचं रबर असंच गेलेलं होतं. मागच्या जाळीवर बोटभर धूळ, फ्रीजर भिंतीला चिकटवलेला, आत बर्फाचा थर, आणि कॉम्प्रेसर बिचारा बंदच होत नव्हता. रबर बदललं, जाळी ब्रशनं साफ केली, फ्रीजर वीतभर पुढे ओढला. हे सांगायला कोणी इंजिनियर आला नाही, फ्रीज दुरुस्त करणाऱ्या पोट्ट्यानं सांगितलं.

पण खरी अडचण पुढे आहे. चार दिवस सगळे दार लावतात, पाचव्या दिवशी गिऱ्हाईकाची गर्दी झाली की झाकण उघडं. शेवटी मी दुकानातल्या पोरांना म्हटलं, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा जेवढे युनिट कमी येतील त्याचे अर्धे पैसे तुमचे. तेव्हापासून मीच दार उघडं ठेवलं तर ते माझ्यावर ओरडतात. सवय अशी लागते साहेब, बॅनरनं नाही लागत.

आणि एवढं करून बिल किती कमी झालं? स्थिर आकार तेवढाच, जागचा हलत नाही, वहन आकार आहे (वीज तारांतून आणायचा), इंधन समायोजन आहे (कोळसा महागला की लागतं ते), वर दुकानाला २१ टक्के वीज शुल्क. वाचवणाऱ्याला बिल उघडल्यावर आनंद व्हायला पाहिजे की नाही? बिलाच्या कोपऱ्यात मागच्या महिन्यांचा वापर छापता, तो बारीक. त्यापेक्षा मोठ्या अक्षरात छापा की तुमच्यासारख्या दुकानांपेक्षा तुम्ही एवढे जास्त जाळता. इतवारीत शेजाऱ्यापेक्षा मागे राहणं कोणाला चालत नाही.

गाडीचंही तेच. ड्रायव्हरला म्हटलं सिग्नलवर इंजिन बंद करत जा. तो म्हणे, भाऊ, घड्याळ तर दाखवा. बरोबर आहे त्याचं! आमच्या रस्त्यावरच्या सिग्नलवर उलटी गिनती करणारं घड्याळ कधी ८८ वर अडकलेलं, कधी पूर्ण बंद. दहा सेकंद थांबायचं की नव्वद, माहीतच नाही, तर इंजिन कोण बंद करेल? दिल्लीत २०२० ला "रेड लाइट ऑन, गाडी ऑफ" म्हणून मोहीम काढली होती, चांगलीच होती, पण पोरगं बोर्ड घेऊन उभं करण्याआधी घड्याळ दुरुस्त करा ना. तुम्ही सांगता ४५ ते ५५ च्या स्पीडनं चालवा. ड्रायव्हरला ट्रिपवर पैसे मिळतात, तो काहून सावकाश चालवेल? टायरमध्ये हवा कमी असली की डिझेल जास्त लागतं हे त्यालाही माहीत आहे, पण पंपावरचं हवेचं मशीन "बंद आहे" अशी पाटी लावून उभं. तुम्ही म्हणाल हे माझं खातं नाही. बरं, कोणाचं आहे तेवढं सांगा, त्यांनाही लिहितो, शाई महाग नाही.

आमच्या शहराला "देशातलं पहिलं" या शब्दांची हौस भारी. २०१४ ला देशातली पहिली इथेनॉलवरची बस नागपुरात आली, हिरव्या बसेस धावल्या, आणि २०१८ ला बसवाली कंपनी निघून गेली. २०१७ ला देशातला पहिला इलेक्ट्रिक टॅक्सीचा ताफा इथेच, मोठमोठे लोक आले, फोटो निघाले, आणि वर्ष होत नाही तर ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगेत तासन्तास बसून कंटाळले, गाड्या परत द्यायला निघाले. धंद्याच्या वेळात रांगेत बसलेला ड्रायव्हर काय पर्यावरण वाचवणार? फीत कापायला सगळे असतात, दुसऱ्या वर्षी कोणी नसतो.

टिकलेली एक गोष्ट सांगतो. याच शहरात पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ जास्तीचे दिवे बंद ठेवण्याचा उपक्रम वर्षानुवर्षं चालू आहे. कॉलेजची पोरंपोरी दुकानादुकानात येऊन हात जोडतात, काका तासभर बोर्ड बंद करा. करतो आम्ही. कारण ती पोरं पुढच्या पौर्णिमेला परत येतात! तुमचा माणूस एकदा तरी आला का?

आणि तुमचा तो ऊर्जा सप्ताह येतो कधी, तर ऐन हिवाळी अधिवेशनाच्या धामधुमीत. विधानभवनाबाहेर जाऊन बघा, पांढऱ्या गाड्यांची रांग, साहेब आत, ड्रायव्हर गाडीत, इंजिन चालू, एसी चालू, थंडीत! किती डिझेल तिथंच जळत असेल, माझ्या चार पंख्यांची वर्षाची बचत तिथे एका दुपारी धुरात. नंतर कळतं की दुकानदारांमध्ये जागृती कमी आहे.

कोराडी, खापरखेडा ही कोळशाची वीज केंद्रं आमच्या उशाशी. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच, चिमण्या शहरातून दिसतात, राख आमच्या घरादारावर, २०२२ च्या पावसाळ्यात राखेचा बंधारा फुटून शेतं आणि नाले भरले, आणि वीज जाते सगळ्या महाराष्ट्राला. जाऊ द्या, आमचं काही म्हणणं नाही (आहे, पण विदर्भाला योग्य वाटा देऊ म्हणणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून कोण ऐकून राहिलं). पण ज्यांच्या नाकात राख जाते त्यांनाच वीज वाचवायचं लेक्चर आणि वापरणाऱ्यांना रात्रभर झगमगाट, हे कोणत्या खात्यात बसतं?

तर साहेब, प्रमाणपत्र नको, पिशवी नको. ऑडिटवाला पाठवा, एकदा नाही, दर तीन महिन्यांनी, सकाळी अकराच्या नंतर, आधी दुधाची गाडी खाली होत असते. सिग्नलची घड्याळं चालू करा. आणि या डिसेंबरात तुमच्या ताफ्याचं इंजिन बंद ठेवून दाखवा, मी स्वतः बघायला येतो, लस्सी माझ्याकडून. उत्तर पाठवणार असाल तर "आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे" एवढंच नका पाठवू, ते कागद माझ्याकडे आधीच आहेत.

आपला,
एक डेअरीवाला
इतवारी, नागपूर