नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या त्या एमआरआय मशीनमध्ये हात थरथरत पडून राहिलेल्या काका-काकूंना

काका-काकू, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, मला पण तुमची नावं माहीत नाहीत आणि कधी कळणारही नाहीत, कारण पार्किन्सनच्या (हात थरथरायला लावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या) ज्या अभ्यासासाठी तुम्ही त्या मशीनमध्ये झोपलात, तशा अभ्यासात नावं छापत नाहीत. तुम्हाला मराठी येण्याचाही काही संबंध नाही. तरी लिहितेय. डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात हो, पण मला तुमचेच मानायचेत.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. गळ्यात बॅग, हातात तिकिटाची पेटी, गाडी घाटात वळतेय आणि हे कशाला न धरता सुट्टे मोजून देतायत, असा माणूस. रात्री डेपोत वेबिलाचा हिशोब एका दमात जुळायचा, याचा त्यांना अजून अभिमान आहे. रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागलं, नुसतं बसले असताना, अगदी तंबाखू मळल्यासारखं. आईला तर आधी वाटलं चोरून तंबाखू सुरू केली, दोन दिवस खिसे तपासत होती. वस्तू उचलायला हात पुढे केला की थरथर थांबायची, मांडीवर ठेवला की परत सुरू, झोपेत गायब.

मग एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल. आता मला माहितीये की पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो, तो दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात, पण तेव्हा हे कुणी नीट सांगितलं नाही आणि घरात त्या "नॉर्मल" शब्दाने फार वाट लावली. मेंदूत काही नाही म्हणजे मनाचं आहे, असं एक आत्या म्हणाली, मग एक मामा म्हणाला, मग आम्हीच म्हणायला लागलो. पार्किन्सनचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, तरी ते डोक्यातून गेलं नाही. कारण हात घरात शांत असायचा आणि बँकेत काउंटरवर गेले, मागे लाईन, स्लिपवर रक्कम लिहायची, की असा उडायचा की पेन खाली. मी तिथे सगळ्यांसमोर त्यांना बोलले, "अण्णा घरी तर नीट असता, इथेच काय होतं तुम्हाला, जरा कंट्रोल करा ना." ते काही बोलले नाहीत. पेन मीच उचललं. त्यानंतर त्यांनी बँकेत जाणं सोडलं, आणि लग्नकार्यात पण हात खिशात घालून बसायला लागले.

पुढच्या खेपेला ओपीडीत एक नवीन डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी अण्णांना हात मांडीवर ठेवायला सांगितला, तो हळूहळू हलत होता, आणि म्हणाल्या शंभरातून सात वजा करत जा. अण्णांनी ९३ म्हटलं, ८६ म्हटलं आणि हात दुप्पट जोरात. मी लगेच म्हणाले की बघा, टेन्शन घेतात. त्या म्हणाल्या, "टेन्शन घेत नाहीयेत, हिशोब करतायत." आणि केसपेपरच्या मागे पेनाने मेंदू काढून तुमची गोष्ट सांगितली.

म्हणजे तुमचं नाव नाही, पण नेदरलँड्समधल्या नायमेखन गावात राडबाउड विद्यापीठाच्या लोकांनी काय केलं ते. थरथर असलेल्या पार्किन्सनच्या पेशंटना एमआरआयमध्ये झोपवलं, पण साधा फोटो काढायला नाही. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं, ते पकडणारा फंक्शनल एमआरआय. आणि हाताच्या स्नायूंवर वायरी लावल्या, म्हणजे हात किती जोरात थरथरतोय त्याची वेगळी नोंद. थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, मशीनला एवढं भरभर बघता येत नाही, रक्ताला पोचायलाच काही सेकंद लागतात. म्हणून त्यांनी एकेक झटका नाही बघितला, थरथर कधी सुरू झाली, कधी वाढली, कधी उतरली ते आणि मेंदूतलं वरखाली शेजारी शेजारी ठेवून बघितलं. मला हे फार हुशारीचं वाटलं.

२०११ मध्ये तिथले संशोधक रिक हेल्मिख आणि त्यांच्या सोबतच्यांनी जे छापलं ते असं, की यात एक नाही दोन सर्किटं आहेत. मेंदूच्या आत खोल बेसल गँग्लिया म्हणून भाग आहेत, जिथे या आजारात डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, ते थरथर सुरू होताना पेटतात. आणि थरथर किती मोठी हे चालतं दुसऱ्याच सर्किटबरोबर, लहान मेंदू, थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध निरोप पुढे पाठवणारा भाग) आणि हालचालीचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा थर. ते लोक याला दिव्याचं बटण आणि डिमर म्हणतात. आमच्याकडे डिमर कुठला, मी आईला पंख्याचं बटण आणि रेग्युलेटर असं सांगितलं, तिला एका मिनिटात कळलं. (तिने लगेच विचारलं मग रेग्युलेटर बदलून मिळत नाही का. आई, थॅलॅमसमध्ये तार घालून करंट देण्याचं ऑपरेशन ग्रेनोबलला १९८७ मध्येच सुरू झालंय, पण अण्णांना आत्ता त्याची गरज नाही असं डॉक्टर म्हणतात.)

आणि मग त्याच लोकांचं २०२० चं काम, ज्याच्यासाठी खरं हे पत्र. तुम्हाला गोळी बंद ठेवून आत झोपवलं आणि मध्येमध्ये मनातल्या मनात आकडेमोड करायला लावली. डोळ्याची बाहुली किती मोठी होते, हृदय किती पळतं हे पण मोजलं. आकडेमोड सुरू झाली की थरथर वाढली, आणि त्या रेग्युलेटरवर, म्हणजे थॅलॅमसवर, दोन बाजूंनी जोर येत होता. एक शरीराला जागं करणाऱ्या यंत्रणेकडून आणि दुसरा विचार करणाऱ्या, लक्ष देणाऱ्या भागांकडून. म्हणजे बँकेच्या काउंटरवर अण्णा कमजोर पडत नव्हते, ते रक्कम नीट लिहायचा प्रयत्न करत होते आणि तो प्रयत्नच हाताला जाऊन लागत होता. वर मी म्हणत होते कंट्रोल करा. म्हणजे रेग्युलेटर अजून पिरगाळत होते मीच. डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या की अशा ताणात थरथरीवर गोळीचा गुण पण कमी येतो, त्यामुळे "गोळी घेतली होती ना?" हा आमचा ठरलेला प्रश्न सुद्धा बाद.

मी एमआरआयला अण्णांबरोबर गेले होते म्हणून मला थोडी कल्पना आहे तुम्ही काय सोसलं असेल त्याची. ती नळी, तो ठकठक आवाज कानात बोळे घालून पण येतो तो. डोकं जरा हललं की चित्र बिघडतं, आणि हात तर हलायलाच पाहिजे कारण तेच बघायचंय. बाकी सगळीकडे आपण थरथर लपवतो आणि इथे तुम्हाला सांगितलं की होऊ दे, आणि वरून गणितं घालून अजून वाढवली. गोळीशिवाय. आणि त्यातून त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काही मिळणार नव्हतं. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सहा माणसांवरून लिहिलं, त्यातली काही तर त्याने रस्त्यातच बघितली होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात.

आमच्याकडे काय बदललं ते सांगते. स्लिप आता घरी भरतो, गुपचूप, टीव्ही बंद करून. कप अर्धाच भरतो. अण्णा चहा पीत असताना कुणी त्यांना "त्या अमक्याचे किती द्यायचे राहिलेत" असलं काही विचारायचं नाही, हा आईचा नियम, आणि तो मोडला म्हणून मामाने शिव्या खाल्ल्यात. बँकेत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते, लाईनकडे तोंड करून. थरथर गेलेली नाही. पण परवा चुलतभावाच्या साखरपुड्यात हात बाहेर होता, मांडीवर, हलत होता, आणि शेजारच्याने विचारलं तर अण्णा म्हणाले, "इंजिन चालू आहे, गाडी थांबलीय."

हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. बाकी ठीक म्हणाले, वेबिलाचं बरोबर लिहिलंयस म्हणाले. मग पलंगावर आडवे झाले आणि स्वतःच शंभरापासून सात सात उतरत गेले, हात गादीवर धडधड वाजत होता, आणि न चुकता २ पर्यंत आले. आता त्यांना एवढंच विचारायचंय की तुमच्यापैकी किती जण न चुकता खालपर्यंत पोचले.

तुमची,
एका कंडक्टरची मुलगी