‘रोज लावतो’ म्हणजे किती?

महोदय,

सनस्क्रीनच्या वापराविषयीच्या सर्वेक्षणावर आधारलेला आपल्या अंकातील लेख वाचला. ‘बाहेर पडताना नेहमी लावतो’ हे लोकांचे उत्तर त्यात जसेच्या तसे ग्राह्य धरले आहे. माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

लोक मुद्दाम खोटे बोलतात असे नाही. पण विचारणारा समोर असला की शहाण्यासारखे उत्तर तोंडून निघते, आणि गेल्या महिन्यातले कोणते दिवस सुटले हे कुणाच्या लक्षात राहते? शिवाय ‘लावतो’ या शब्दात प्रमाण येतच नाही. एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती संरक्षण देते याचा, आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन काढतात; प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. दर दोन तासांनी पुन्हा लावणे तर दूरच.

मीही ‘रोज’वाल्यांपैकीच. गंमत म्हणून नव्या ट्यूबवर मार्करने तारीख घातली. चेहऱ्याला आणि मानेला पुरेसे लावले, तर ५० मिलिलिटरची ट्यूब साधारण महिन्याभरात संपायला हवी. माझी पाचव्या महिन्यातही पिळता येत होती!

अशा सर्वेक्षणात निदान काही जणांच्या ट्यूबचे आधी आणि नंतर वजन करावे, किंवा त्यांच्या कपड्यांवर अतिनील किरण मोजणारे बिल्ले लावावेत. संशोधक या दोन्ही पद्धती वापरतात. उन्हापासून बचावासाठी टोपी आणि लांब बाह्या किती जण घालतात, हे तर रस्त्याकडेला उभे राहूनही मोजता येईल.

– एक वाचक